मिळवणं एक, टिकवणं दुसरं

'सायन्स' साप्ताहिकाच्या ६ नोव्हेंबर १९९८ च्या अंकात तीन पानांचा एक शोधनिबंध आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जेम्स थॉमसन आणि त्यांचे सहा सहकारी त्याचे लेखक. त्यातला हिशेब साधा आहे. वंध्यत्वावरच्या उपचारांत उरलेले आणि जोडप्यांनी संमती देऊन संशोधनासाठी दिलेले ३६ मानवी भ्रूण हाती आले. त्यांपैकी २० ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत वाढले. त्यांतल्या १४ मधून आतला पेशीपुंज वेगळा काढता आला आणि शेवटी पाच भ्रूणांपासून पाच सेल लाइन, म्हणजे बशीत अखंड वाढत राहणारी पेशींची कुळं, उभ्या राहिल्या. त्यांना एच-१, एच-७, एच-९, एच-१३ आणि एच-१४ अशी नावं मिळाली. मानवी भ्रूणीय मूलपेशींच्या पहिल्या लाइन म्हणून आज त्या जगभर ओळखल्या जातात.

वर्तमानपत्रांनी तेव्हा बातमी केली ती या पेशींच्या क्षमतेची. त्यांच्यापासून हृदयाचा स्नायू, मेंदूतल्या चेतापेशी, हाड, आतड्याचं अस्तर, काहीही घडू शकतं, हे ऐकून कुणीही चकित व्हावं. मला मात्र त्या निबंधातली सगळ्यांत वजनदार नोंद दुसरीच वाटते. एच-९ ही लाइन ३२ वेळा एका बशीतून दुसऱ्या बशीत हलवली गेली होती, आठ महिन्यांहून जास्त काळ अखंड वाढत होती आणि सहा महिन्यांनंतर तपासली तेव्हाही तिची गुणसूत्रं जिथल्या तिथे होती.

ही नोंद मोठी का, हे कळण्यासाठी शरीरात या पेशींना किती आयुष्य असतं ते पाहायला हवं. फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी हा पेशीपुंज दिसतो. त्यानंतर भ्रूण गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो आणि तिसऱ्या आठवड्यात पेशींची तीन थरांत वाटणी सुरू होते. मग प्रत्येक पेशीची वाट ठरत जाते आणि काहीही होऊ शकणारी पेशी शरीरात उरत नाही. म्हणजे निसर्गात जी अवस्था जेमतेम काही दिवस असते, ती प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं धरून ठेवायची. भ्रूणातून पेशी काढायला हात कसलेला लागतो, पण ते काम एका दुपारचं आहे. त्या पेशी आहेत तशा राखण्याची विद्या गेली पंचवीसहून जास्त वर्षं घडते आहे आणि ती अजून पुरती हाती आलेली नाही. या प्रकरणात मुख्यतः तिच्याविषयी सांगायचं आहे.

आधी ती दुपार पाहू. पाचव्या-सहाव्या दिवसाचा मानवी भ्रूण म्हणजे शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा, तोच ब्लास्टोसिस्ट. त्याचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्याएवढा. बाहेर पेशींचं एकेरी आवरण असतं, त्यातून पुढे वार तयार होते. आत एका बाजूला चिकटून काही डझन पेशींचा पुंज असतो, बाळ घडतं ते त्याच्यापासून. संशोधकाला हवा असतो तो नेमका हा पुंज. बाहेरच्या आवरणातल्या पेशी सोबत आल्या तर त्या जोमाने पसरतात आणि पुंजाला वाढूच देत नाहीत.

दोन्ही वेगळे करायची जुनी रीत फार चतुर आहे. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत दावोर सोल्टर आणि बार्बरा नोल्स यांनी १९७५ मध्ये ती उंदरांच्या भ्रूणांवर बसवली आणि थॉमसन यांनीही तीच वापरली. भ्रूणाभोवतीचं पारदर्शक कवच एका विकराने विरघळवायचं. उघडा पडलेला भ्रूण मानवी पेशींना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या द्रवात ठेवायचा. बाहेरच्या आवरणातल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की प्रतिपिंडं फटीतून आत शिरू शकत नाहीत. ती बाहेरच्या पेशींवरच बसतात. मग भ्रूण धुऊन गिनीपिगच्या रक्तद्रवात ठेवायचा. ज्या पेशीवर प्रतिपिंड बसलं आहे तिच्या पटलाला भोकं पाडणारी प्रथिनं त्या रक्तद्रवात असतात. सूक्ष्मदर्शकाखाली बाहेरच्या पेशी फुगताना आणि फुटताना दिसतात. शेवटी अगदी बारीक तोंडाच्या काचेच्या नळीतून भ्रूण दोन-चार वेळा आतबाहेर ओढला की फुटलेल्या पेशींचा चोथा गळून पडतो आणि आतला पुंज अखंड हाती येतो. प्राण्यांचा रक्तद्रव नको म्हणून आता बऱ्याच ठिकाणी लेझरने किंवा सुईने हे काम करतात. काही जण अख्खा ब्लास्टोसिस्टच बशीत रुजवतात.

हा पुंज नुसत्या प्लॅस्टिकवर ठेवून भागत नाही. थॉमसन यांनी तो ज्या थरावर ठेवला तो उंदराच्या भ्रूणातल्या संयोजी पेशींचा होता. या पेशींना आधी गॅमा किरण देतात, त्यामुळे त्या जिवंत राहतात, पण त्यांचं विभाजन थांबतं. प्रयोगशाळेत त्यांना फीडर म्हणतात. त्यांच्यावर ठेवलेला पुंज रुजतो आणि पसरतो. साधारण ९ ते १५ दिवसांनी त्याचे लहान लहान तुकडे करून नव्या फीडरवर ठेवतात. बरेच तुकडे मरतात, काही भलत्याच प्रकारच्या पेशी होऊन बसतात. दिसायला हव्या तशा असतील त्या निवडायच्या, पुन्हा तुकडे करायचे, पुन्हा निवडायचं. असं कित्येक आठवडे टिकलं की मगच लाइन झाली असं म्हणता येतं.

ही विद्या आली उंदरांकडून, तीही गाठींच्या वाटेने. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॅक्सन लॅबोरेटरी आहे. तिथे लेरॉय स्टीव्हन्स यांना १९५० च्या दशकात '१२९' वाणाच्या उंदरांच्या वृषणांत विचित्र गाठी आढळल्या. एकाच गाठीत कूर्चा, स्नायू, चेताऊती असं सगळं एकत्र होतं. लुइस क्लाइनस्मिथ आणि बॅरी पिअर्स यांनी १९६४ मध्ये दाखवलं की अशा गाठीतली एकच पेशी दुसऱ्या उंदरात टोचली तरी तिच्यापासून हे सगळे प्रकार पुन्हा घडतात. गाठीतून जे मिळतं ते निरोगी भ्रूणातून थेट का मिळू नये, या प्रश्नाचा पाठलाग पुढे बरीच वर्षं चालला. १९८१ मध्ये केंब्रिजला मार्टिन एव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि स्वतंत्रपणे सॅन फ्रान्सिस्कोत गेल मार्टिन यांनी उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी वाढवून दाखवल्या.

उंदरापासून माणसापर्यंत यायला मग १७ वर्षं का लागली? भ्रूण मिळणं अवघड होतं, हे एक कारण. दुसरं कारण पेशींच्या स्वभावातलं होतं. उंदराच्या पेशींना एलआयएफ नावाचं प्रथिन दिलं की त्या आहेत तशा राहतात. मानवी पेशींवर त्याचा तसा परिणाम होत नाही. त्यांना एफजीएफ-२ हे प्रथिन लागतं आणि टीजीएफ-बीटा कुळातल्या प्रथिनांचा संकेत लागतो. मानवी लाइन उंदराच्या लाइनपेक्षा विकासाच्या थोड्या पुढच्या टप्प्याशी जुळतात, हा उलगडा तर २००७ मध्ये झाला. उंदीर म्हणजे छोटा माणूस असं समजून ज्यांनी तीच कृती वापरून पाहिली, त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. थॉमसन पशुवैद्यक. त्यांनी वाट माकडांकडून काढली. १९९५ मध्ये त्यांनी ऱ्हीसस माकडाच्या भ्रूणीय मूलपेशी वाढवल्या, १९९६ मध्ये मार्मोसेटच्या आणि त्या अनुभवाच्या जोरावर ते माणसाकडे वळले.

त्याआधी, १९९४ मध्ये, सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात अरिफ बोंगसो यांनी मानवी ब्लास्टोसिस्टमधून हा पुंज काढून वाढवला होता. मूळचे श्रीलंकेचे बोंगसो टेस्ट ट्यूब बेबीच्या क्षेत्रातले जाणकार होते. त्यांच्या पेशी दोनदा बशी बदलेपर्यंत मूलपेशी राहिल्या, मग त्यांचं रूप पालटलं. या विषयाच्या थोडक्यात सांगितलेल्या इतिहासांतून बोंगसो यांचं नाव बहुधा गळतं आणि ते मला अन्यायाचं वाटतं. पेशी मिळवल्या त्यांनीच आधी. थॉमसन यांच्याकडे त्या टिकल्या.

पैशाची बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत १९९६ पासून एक तरतूद लागू आहे, तिला डिकी-विकर दुरुस्ती म्हणतात. ज्या संशोधनात मानवी भ्रूण नष्ट होतो, त्यावर केंद्र सरकारचा पैसा खर्च करता येत नाही. म्हणून थॉमसन यांनी वेगळ्या खोलीत वेगळी प्रयोगशाळा थाटली. तिथली उपकरणं सरकारी अनुदानातून आलेली नव्हती. पैसा दिला जेरॉन या खासगी कंपनीने. काही भ्रूण इस्रायलमधल्या हैफा शहराच्या रामबाम रुग्णालयातून आले आणि तिथले जोसेफ इत्सकोविट्झ-एल्डोर निबंधाचे सहलेखक झाले.

९ ऑगस्ट २००१ ला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केलं की त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या लाइनवरच्या कामालाच सरकारी अनुदान मिळेल, नव्या लाइनवर नाही. त्याच महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पात्र ठरलेल्या ६४ लाइनची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस होती, सात लाइनसह, आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र होतं, तीन लाइनसह. भारतात या बातमीने मोठी उमेद वाढली. पुढे यादी ७८ पर्यंत गेली, पण संशोधकांनी मागणी नोंदवून हाती पडतील अशा लाइन शेवटी विसाच्या आसपासच निघाल्या आणि त्यांत भारतातली एकही नव्हती. यादीतल्या कितीतरी लाइन म्हणजे बशीत नुकते रुजलेले पुंज होते. रुजलेला पुंज आणि वर्षभर टिकून गोठवणीतूनही सुखरूप परत येणारी लाइन यांच्यात केवढं अंतर आहे, हे त्या यादीने चारचौघांत दाखवून दिलं.

मुंबईत काम थांबलं मात्र नाही. रिलायन्सच्या संशोधकांनी पुढे आपल्या एका लाइनची सविस्तर तपासणी प्रसिद्ध केली. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने 'काइंड-१' आणि 'काइंड-२' या दोन लाइन तयार केल्या आणि २००९ मध्ये त्यांचा निबंध आला. फीडर म्हणून उंदराच्या पेशी न घेता त्यांनी स्वतः तयार केलेल्या मानवी पेशी वापरल्या होत्या. निबंधाच्या लेखकांत डॉ. इंदिरा हिंदुजा आहेत. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी हर्षाचा जन्म झाला, त्या कामात केईएमच्या हिंदुजा आणि या संस्थेचे तेव्हाचे संचालक टी. सी. आनंद कुमार एकत्र होते. केईएमही परळचंच. भारतातल्या टेस्ट ट्यूब बेबीचा आणि भ्रूणीय मूलपेशींचा इतिहास एकाच भागात असा शेजारी शेजारी घडला आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटानेही त्याच सुमारास दोन लाइन उभ्या केल्या. त्या भावंड भ्रूणांच्या होत्या आणि ते भ्रूण प्रत्यारोपणासाठी निकृष्ट ठरवून बाजूला काढलेले होते. जिथून बाळ घडण्याची आशा डॉक्टरांनी सोडली, तिथून पेशी मात्र निरोगी निघाल्या.

अशा लाइन आपल्याकडे असाव्यात, यामागे केवळ अभिमान नाही. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या लाइन फारच थोड्या आणि त्यांतल्या बहुतेक युरोपीय किंवा पश्चिम आशियाई वंशाच्या जोडप्यांकडून आलेल्या. औषधाचा विषारीपणा बशीतल्या यकृतपेशींवर तपासायचा तर त्या पेशी कुणाच्या वंशाच्या, याने फरक पडतो.

आता रोजच्या कामाकडे येऊ. कल्चर रूममध्ये सकाळी येणारा संशोधक आधी ३७ अंशांवरच्या इन्क्युबेटरमधून बश्या काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, त्याने मीडियाची, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्याची, आम्लता स्थिर राहते. पेशींची चांगली कॉलनी सपाट असते, तिची कड धारदार, पेशी एकमेकींना इतक्या लगटून की मधली सीमारेषा दिसू नये. पेशीत जवळजवळ सगळी जागा केंद्रकानेच व्यापलेली. मध्यभागी ढीग होऊन ती पिवळट-काळपट दिसायला लागली, किंवा कडेच्या पेशी लांबट होऊन बाहेर पळायला लागल्या, तर त्या पेशी मूलपेशी राहिलेल्या नाहीत. असा भाग सुईने किंवा पिपेटच्या टोकाने खरवडून टाकायचा. मग जुना मीडिया काढून ताजा घालायचा. एफजीएफ-२ शरीराच्या तापमानाला फार लवकर निकामी होतं, म्हणून हे रोज करावं लागतं, रविवारीही आणि दिवाळीतही. उष्णता सोसणारी एफजीएफची रूपं आल्यापासून काही प्रयोगशाळांना एखादा दिवस सुटी घेता येते.

चार ते सात दिवसांत कॉलन्या एकमेकींना भिडतात. त्याआधी त्यांचे तुकडे करून थोडा भाग नव्या बशीत हलवायचा. याला पॅसेज म्हणतात. घरात विरजण राखतात तशीच ही रीत आहे: थोडं पुढच्यासाठी काढून ठेवायचं, म्हणजे मूळ कधी संपत नाही. काही भाग गोठवून ठेवतात, गोठताना पेशींना जपणारं डीएमएसओ हे रसायन १० टक्के घालून, मिनिटाला एक अंश इतक्या संथ गतीने थंड करून, शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. कमी पॅसेज झालेला असा साठा प्रयोगशाळेची सगळ्यांत मोलाची ठेव असते, कारण पुढे बशीत काही बिघडलं तर परत फिरायची जागा तीच.

पॅसेज करताना मानवी पेशींनी संशोधकांना फार छळलं. उंदराच्या मूलपेशी एकेकट्या सुट्या केल्या तरी जगतात. मानवी पेशी सुट्या केल्या की शंभरातली जेमतेम एखादी वाचायची. म्हणून पंचवीस, पन्नास, शंभर पेशींचे पुंजके राखून हलवायचे, जास्त तुटू द्यायचे नाहीत, हा हाताचा अंदाज प्रत्येकाला स्वतः बसवावा लागे. २००७ मध्ये जपानमधल्या कोबेच्या रिकेन संस्थेत योशिकी सासाई यांच्या गटाने एक रसायन शोधलं, वाय-२७६३२. रॉक नावाच्या विकराला ते आवर घालतं. ते मीडियात घातलं की सुट्या पेशींपैकी वाचणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १ टक्क्यावरून २७ टक्क्यांवर गेलं. शेजारीण सुटताच पेशीच्या आतली आकुंचन पावणारी यंत्रणा बेफाम होते आणि पेशी स्वतःच्याच ताणाने मरते, हे कारण नंतर समजलं. आज पॅसेजनंतरचा पहिला दिवस या रसायनाशिवाय क्वचितच जातो. पेशींची जनुकं बदलून एकेका पेशीपासून नवी लाइन वाढवणं शक्य झालं तेही याच्यामुळे.

थॉमसन यांच्या पहिल्या बशीत मानवी पेशींशिवाय बरंच काही होतं. मीडियातला पाचवा हिस्सा गायीच्या गर्भातल्या वासराचा सीरम होता आणि खाली उंदराच्या पेशी. सीरममध्ये नेमकं काय आहे आणि फीडर नेमकं काय पुरवतात, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पेशी टिकत होत्या, एवढंच खरं. हे प्राण्यांचं द्रव्य निरुपद्रवी नव्हतं. २००५ मध्ये सॅन दिएगोला अजित वर्की, फ्रेड गेज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मानवी मूलपेशी मीडियातली एक प्राणिज शर्करा, न्यू-५-जीसी, आपल्या पृष्ठभागावर बसवून घेतात. माणसाचं शरीर ही शर्करा स्वतः बनवत नाही आणि आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं असतात. अशी पेशी रुग्णात घातली तर शरीर तिला परकी समजणार. बोंगसो यांच्या गटाने २००२ मध्येच मानवी ऊतींचे फीडर वापरून लाइन उभी करून दाखवली होती.

त्याआधी २००१ मध्ये जेरॉनच्या संशोधकांनी फीडर बशीतून काढले. तिथे त्यांनी मॅट्रिजेल आणलं, म्हणजे उंदराच्या गाठीतून काढलेलं प्रथिनांचं मिश्रण. ते थंडीत पातळ असतं, ऊब लागताच घट्ट होतं, म्हणून आजही रात्रभर बर्फावर ठेवून वितळवतात आणि गार पिपेटने हाताळतात. २००६ मध्ये थॉमसन यांच्याच संस्थेतून टीईएसआर-१ हा मीडिया आला. त्यात घटक सगळे माहीत असलेले होते, पण यादी लांबलचक होती. त्यात अल्ब्युमिन होतं आणि अल्ब्युमिनशिवाय पेशी मरत, म्हणून ते अत्यावश्यक मानलं जाई. २०११ मध्ये गुओकाय चेन आणि थॉमसन यांच्या गटाने एकेक घटक वगळून पाहायला सुरुवात केली. तेव्हा कळलं की मीडियात पेशींचं रक्षण व्हावं म्हणून घातलेलं मर्काप्टोइथेनॉल हे रसायनच त्यांना मारत होतं आणि अल्ब्युमिनचं काम त्या विषापासून पेशींना वाचवण्याचं होतं. दोन्ही काढून टाकल्यावर पेशी उत्तम वाढल्या. उरले फक्त आठ घटक: मूळ क्षारपोषक द्रव, बायकार्बोनेट, इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम, क जीवनसत्त्व, एफजीएफ-२ आणि टीजीएफ-बीटा. या मीडियाला ई-८ म्हणतात. मला या साऱ्या इतिहासातलं हे सर्वांत सुंदर काम वाटतं. नवं काही न घालता, जे कुणालाही काढायचं धाडस होत नव्हतं ते काढून त्यांनी उत्तर मिळवलं.

मीडिया कितीही स्वच्छ झाला तरी एक अडचण जात नाही. बशीत जी पेशी जास्त वेगाने विभागते किंवा कमी मरते, तिची संतती प्रत्येक पॅसेजला वाढत जाते. शेफील्डच्या पीटर अँड्र्यूज यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की वेगवेगळ्या लाइनमध्ये, एकमेकींशी संबंध नसताना, गुणसूत्र १२ आणि १७ चे जादा भाग पुन्हा पुन्हा दिसतात. २०११ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून सव्वाशे भ्रूणीय लाइन तपासल्या. त्यांत वीस टक्क्यांहून जास्त लाइनमध्ये गुणसूत्र २० चा एक इवलासा तुकडा वाढलेला निघाला. त्या तुकड्यात बीसीएल-२-एल-१ हे जनुक आहे, पेशीला मरण्यापासून वाचवणारं. २०१७ मध्ये १४० लाइनच्या तपासणीत पाच लाइनमध्ये टीपी-५३ या, कर्करोग रोखणाऱ्या जनुकात बिघाड सापडला. हे बदल सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. उलट अशी बशी जास्त देखणी दिसते, कारण पेशी जोमाने वाढतात आणि कमी मरतात. म्हणून दर काही पॅसेजनंतर गुणसूत्रं तपासायची, मायकोप्लाझ्मा या जिवाणूंचा संसर्ग पाहायचा, ओसीटी-४, नॅनॉग, एसएसईए-४ ही ओळखचिन्हं तपासायची, आणि शंका आली की गोठवलेल्या साठ्याकडे परतायचं. सोप्या पॅसेजच्या नादात बशीतली ही चढाओढ विसरणारी प्रयोगशाळा दोन वर्षांनी भलत्याच पेशींवर निष्कर्ष काढत बसते.

या पेशी ज्या भ्रूणातून येतात, तो भ्रूण त्यात संपतो. काही लोकांच्या श्रद्धेनुसार हे मुळातच चूक आहे आणि त्या श्रद्धेचा मान राखूनच पुढे बोललं पाहिजे. माझं मत असं की जो भ्रूण कुणाच्याच गर्भात जाणार नाही, तो जोडप्याने समजून-उमजून दिला तर त्याचा असा उपयोग व्हायला हरकत नाही. मात्र संमती मागणारा माणूस उपचार करणारा डॉक्टर नसावा आणि देण्याघेण्यात पैसा नसावा. भारतात २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा आहे. त्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षं साठवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नियमांनुसार मानवी भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवता येत नाही. मूलपेशी काढायच्या त्या पाचव्या-सहाव्या दिवशी.

२००७ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी आणि थॉमसन यांनीही माणसाच्या त्वचेच्या पेशीला मागे वळवून मूलपेशीसारखं केलं. आता भ्रूणाची गरजच संपली, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण या नव्या पेशी ज्या बशीत, ज्या मीडियात, ज्या पॅसेजच्या शिस्तीत वाढतात, ते सगळं भ्रूणीय पेशींवर शिकलेलं आहे. त्या खऱ्या आहेत की नाहीत हे ठरवायचं मापही भ्रूणीय पेशींचंच.

रुग्णांपर्यंत जायला वेळ लागला. ऑक्टोबर २०१० मध्ये जेरॉनने मज्जारज्जूला इजा झालेल्या पहिल्या रुग्णावर चाचणी सुरू केली आणि पैशाअभावी वर्षभरानंतर थांबवली. २०२५ मध्ये दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. एकीत पार्किन्सनच्या १२ रुग्णांच्या मेंदूत एच-९ पासून घडवलेल्या चेतापेशी घातल्या होत्या. तिचा उद्देश सुरक्षितता पाहण्याचा होता आणि पेशी तग धरून आहेत, इतपत निष्कर्ष निघाला. दुसरीत टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णांना भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी दिल्या. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षाअखेर इन्सुलिन टोचावं लागत नव्हतं, मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना घ्यावी लागतात. अशा प्रत्येक मात्रेत न बदललेली मूलपेशी किती उरली आहे, हे बारकाईने तपासतात. रोगप्रतिकार नसलेल्या उंदरात मूलपेशी टोचल्या की तीन थरांच्या ऊतींची गाठ होते. मूलपेशी ओळखायची ती जुनी कसोटी आहे, आणि रुग्णाच्या शरीरात तीच गाठ होणं म्हणजे घात.

इकडे मात्र मुंबई, पुणे, नाशिकात आणि इतर शहरांत फलकांवर आणि मोबाइलवर 'स्टेम सेल थेरपी'च्या जाहिराती दिसतात. गुडघेदुखी, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अर्धांगवायू, सगळ्यांवर एकच इलाज. लाखभर रुपये मोजणारे आईवडील अगतिक असतात आणि त्यांच्या अगतिकतेचा बाजार मांडला जातो, याचा मला संताप येतो. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांच्या नावातून 'उपचार' हा शब्द काढला. २०१७ च्या सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं मूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळा वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा. म्हणून कुणी असा इलाज सुचवला तर विचारावं: पेशी कुणाच्या, कोणत्या प्रकारच्या, कुठे वाढवल्या, त्यांची गुणसूत्रं आणि निर्जंतुकता कुणी तपासली? ही मंजूर चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत तिचा क्रमांक असतो, तो मागावा आणि घरी संकेतस्थळावर स्वतः पाहावा. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या प्रायोगिक पेशींचे पैसे घ्यायचे नसतात.